आयर्लंडचं जुनं समुद्रस्नान: बायकांची वाळू, पुरुषांचं खोल पाणी

शॅननकाठ

लिमरिकमध्ये राहायला येऊन आम्हाला हे सहावं वर्ष. इथल्या माणसाला 'समुद्रावर जाऊ या' म्हटलं की त्याच्या तोंडी एकच नाव येतं, किल्की. क्लेअर परगण्यातलं घोड्याच्या नालेसारख्या खाडीवरचं हे छोटं गाव, गाडीने दीड तासावर. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीही लिमरिकचे व्यापारी, वकील, डॉक्टर उन्हाळा आला की बायकापोरं, मोलकरणी आणि भांडीकुंडी घेऊन इथेच महिनाभर मुक्काम ठोकायचे. भाड्याच्या त्या घरांना 'लॉज' म्हणत. आपल्याकडच्या लॉजशी त्याचा काही संबंध नाही, हे आईला फोनवर पटवताना माझी पुरेवाट झाली.

गेल्या महिन्यात असाच एक धो धो पावसाचा रविवार गेला. इथल्या नॅशनल लायब्ररीचा लॉरेन्स संग्रह संगणकावर चाळत बसलो होतो. विल्यम लॉरेन्स हा डब्लिनचा फोटोवाला, पण गावोगाव कॅमेरा घेऊन फिरला तो त्याच्याकडे कामाला असलेला रॉबर्ट फ्रेंच. साधारण १८८० ते १९१४ या काळातल्या ४०,०००च्या आसपास काचेच्या प्लेटा आहेत. बरेच फोटो समुद्रकाठच्या गावांचे. त्यात वाळूवर ओळीने उभ्या असलेल्या, चाकं लावलेल्या लाकडी खोल्या दिसल्या. सुरुवातीला मला वाटलं चहाच्या टपऱ्या असाव्यात!

त्या होत्या 'बेदिंग बॉक्स'. बाई कोरड्या वाळूवर अंगभर कपड्यांनिशी आत शिरायची आणि दार लावून घ्यायची. मग घोडा जुंपून ती खोली पाण्यात ओढत न्यायची. बाईने आत त्या अंधारात, हिंदकळत कपडे बदलायचे आणि समुद्राकडचं दार उघडून पायऱ्यांवरून थेट पाण्यात उतरायचं. किनाऱ्यावरून कोणाला काही दिसायला नको. पाण्यात हात धरायला गावातली एखादी दणकट बाई पैसे घेऊन उभी असायची. दोरी घट्ट धरायची, चार डुबक्या मारायच्या की परत खोलीत. पोहणं वगैरे नाही. म्हणून मुद्दाम समुद्र'स्नान' म्हणतोय, शब्द अगदी चपखल बसतो.

याला कायद्याचाही आधार होता. १८४७च्या टाउन पोलीस क्लॉजेस कायद्याने गावांच्या कारभाऱ्यांना नियम करायचा अधिकार दिला: या खोल्या कुठे उभ्या करायच्या, भाडं किती घ्यायचं, बायकांनी कुठे उतरायचं, पुरुषांनी कुठे, आणि हौशी लोकांच्या नावा अंघोळ करणाऱ्यांपासून किती लांब ठेवायच्या. शेवटचं कलम वाचून हसू आलं. म्हणजे नाव भाड्याने घेऊन 'सहज फिरायला' जाणारे तेव्हाही असणारच.

खोल्या गेल्या, पण वाटणी नकाशावर राहिली आहे. बॅलीबनियनला मधोमध एका कड्यावर पडक्या किल्ल्याची भिंत उभी आहे. तिच्या एका अंगाला 'लेडीज बीच', दुसऱ्या अंगाला 'मेन्स बीच'. गॉलवेजवळच्या सॉल्टहिलला 'लेडीज बीच', उत्तरेला पोर्टरशला 'लेडीज बेदिंग प्लेस', ग्रेस्टोन्सला 'लेडीज कोव्ह'. डनिगॉलमधल्या बंडोरनला तर 'नन्स पूल' आहे, खडकातलं एक आडोशाचं कुंड, जिथे मठातल्या जोगिणी डोळ्यांआड अंघोळ करत. त्याच गावातलं दुसरं कुंड 'थ्रपेनी पूल', कारण आत जायला तीन पेनी पडत.

आता हे सगळे फोटो आणि नकाशे शेजारी शेजारी ठेवून पाहा. बायकांच्या वाट्याला आलंय गुडघाभर पाणी, वाळू आणि लाकडी खोका. पुरुषांच्या वाट्याला खोल पाणी, उड्या मारायचे खडक आणि अंगावर चिंधी न घालण्याची मुभा. किल्कीचे 'पोलॉक होल्स', म्हणजे भरतीला समुद्र भरून जातो आणि ओहोटीला काचेसारखे स्वच्छ राहतात असे खडकातले डोह, पूर्वी पुरुषांचेच. उघडे कोण होते, तर पुरुष. आणि लपायचं कोणी, तर बायकांनी. शालीनतेच्या नावाखाली जागेची वाटणी झाली, आणि चांगली जागा कोणी घेतली ते उघड आहे.

कोणाला या गावांचा अनुभव असेल तर लिहा.

गवती चहा

मस्त धागा! खोक्यात अंधारात कपडे बदलायचे, तेही घोडा ओढत असताना… लोकलमध्ये साडी बदलून लग्नाला गेलेली बाई मी, मला जमलं असतं.

खडूस

लेख छान, पण शेवटचा परिच्छेद जरा ओढून ताणून वाटला. त्या काळी बायकांना पोहताच येत नव्हतं, तर त्यांना खोल पाण्याच्या जागा देऊन काय उपयोग? सुरक्षित उथळ जागा दिली, यात अन्याय कुठे?

शॅननकाठ

@खडूस, पोहता येत नव्हतं कारण पोहण्याजोगं पाणीही नव्हतं आणि कपडेही नव्हते. कपड्यांचं बघा. जाड लोकरी सर्जचा, गडद निळा किंवा काळा, बाह्यांचा झगा, त्याखाली गुडघ्यापर्यंत विजार, वर टोपी, बऱ्याचदा पायमोजेसुद्धा. गडद लोकर कशाला? तर भिजल्यावर अंगाला चिकटू नये आणि आरपार दिसू नये म्हणून. पण भिजलेल्या लोकरीचं वजन कधी उचलून पाहिलंय? आमच्या शेजारच्या आजी म्हणतात, त्यांच्या आजीचा पोशाख वाळायला दोन दिवस लागायचे. ते घालून पोहायचं म्हणजे ओली घोंगडी पांघरून विहिरीत उतरण्यासारखं.

गवती चहा

आणि खेड्यातल्या गरीब बायका? त्यांना कुठला सर्जचा झगा परवडणार?

शॅननकाठ

त्या जुना परकर किंवा शेमीज घालून उतरायच्या. त्यांच्यावर वेगळं लिहायचंय, रात्री लिहितो.

लुआस

डब्लिनकर इथे हजर! फॉर्टी फूटचं नाव अजून कसं आलं नाही?

शहराच्या दक्षिणेला सँडीकोव्हला खडकांत ही अंघोळीची जागा आहे. लोक इथे अडीचशे वर्षांपासून पोहतात असं म्हणतात. इथेही सगळा पुरुषांचाच कारभार, आणि तोही दिगंबर अवस्थेत. मागेच नेपोलियनच्या भीतीने १८०४च्या सुमारास बांधलेला मार्टेलो बुरूज आहे. आयरिश लेखक जेम्स जॉइस १९०४च्या सप्टेंबरात थोडे दिवस या बुरुजात राहिला होता, आणि 'युलिसिस' सुरू होते ती याच बुरुजावर. पहिल्याच प्रकरणात बक मलिगन हे पात्र बुरुजावर दाढी करतं आणि मग खाली फॉर्टी फूटवर डुबकी मारायला जातं. म्हणजे बघा, विसाव्या शतकातली एवढी गाजलेली कादंबरी सुरू होते ती दाढी आणि समुद्रस्नानाने, आणि पाण्यात बाई एकही नाही.

बायकांनी या जागेवर हक्क सांगितला तो १९७४ साली. काही बायका 'फक्त पुरुषांसाठी'च्या पाटीसमोर जाऊन सरळ पाण्यात उतरल्या. आज तिथे कोणीही जातं. मी स्वतः जाते, ऑक्टोबरपर्यंत. पाणी उन्हाळ्यात १५ अंशांच्या आसपास आणि हिवाळ्यात त्याच्या निम्म्यावर येतं. पहिल्यांदा उतरले तेव्हा आईची आठवण आली, मग आजीची, मग थेट कुलदेवतेची. नाताळच्या सकाळी तर जत्राच असते, सांताची टोपी घालून लोक उड्या मारतात.

हो, आणि पोहण्याच्या कपड्यांना इथे 'टॉग्ज' म्हणतात. नवीन आले होते तेव्हा ऑफिसमध्ये 'टॉग्ज आण' असा निरोप आला आणि मी अर्धा दिवस ते काय असतं हे शोधत होते.

अनुस्वार

वाचतेय. हे सगळं कॅथलिक चर्चमुळेच ना? आयर्लंड म्हटलं की बिशप आलेच.

शॅननकाठ

@अनुस्वार, मलाही आधी तसंच वाटत होतं. पण वर सांगितलेला कायदा १८४७चा, ब्रिटिश संसदेचा. तेव्हा डब्लिनजवळच्या ब्रे किंवा किंग्जटाउनला येणारी मंडळी बरीचशी प्रॉटेस्टंट, उच्चभ्रू. किंग्जटाउन म्हणजे आजचं डन लेरी, १९२० साली जुनं आयरिश नाव परत घेतलं. लाज शिकवली ती व्हिक्टोरियन काळाने, आणि इंग्लंडच्या किनाऱ्यावरही हेच चालायचं.

गंमत पुढची आहे. १९०१ साली इंग्लंडमधल्या बेक्सहिलने स्त्रीपुरुषांना एकत्र अंघोळीची परवानगी दिली, आणि हळूहळू तिकडे वाटणी विरली. इकडे १९२२ला स्वतंत्र राज्य झालं आणि नेमकं उलटं घडलं. १९२७च्या मेनूथच्या धर्मसभेत बिशपांनी नाचघरं, सिनेमा, वाईट पुस्तकं आणि बायकांचे तोकडे कपडे हे सैतानाचे सापळे ठरवले. गॉलवेचे बिशप मायकल ब्राउन १९३७ला गादीवर आले, आणि सॉल्टहिलला स्त्रीपुरुषांनी एकत्र पोहायला त्यांचा कडवा विरोध होता. ज्या राज्यकर्त्यांना घालवलं त्यांचाच जुना सदरा काढून, कडक इस्त्री करून घातला, असं माझं मत. चर्चने वाटणी शोधली नाही, टिकवली.

खडूस

हे पटलं. मघाचा मुद्दा मात्र अजून मान्य नाही. पुरुष बिचारे काकडत होते खडकांवर.

लुआस

खडूसकाका, डिसेंबरमध्ये या. खडक दाखवते.

मांडवीकर

आमच्या गोव्यात ख्रिस्ती घरांतून मे महिन्यात 'मुदांसा'ला जायची रीत होती. म्हणजे हवापालट. करंझाळे, बागा, कळंगुट अशा किनाऱ्यांवर खोपी नाहीतर घर भाड्याने घेऊन पंधरा दिवस राहायचं आणि रोज खाऱ्या पाण्याचं न्हाण. सांधे, खरूज, अंगावरचं पुरळ, सगळ्यावर एकच औषध. आमच्या शेजारची माय मोजून न्हाणं घ्यायची, संख्या विषमच हवी. लॉज, महिनाभराचा मुक्काम वगैरे वाचून तेच आठवलं. आयर्लंडमध्येही औषध म्हणून जात का?

शॅननकाठ

@मांडवीकर, अगदी हेच लिहायला बसलो होतो!

खरं तर या गावांचे दोन हंगाम होते आणि दोन वेगळी माणसं होती. जुलै-ऑगस्टमध्ये शहरातले, खोके आणि झगेवाले. ते गेले की सप्टेंबरमध्ये शेतकरी. पीक घरात आलं, चार पैसे हातात आले की गावकरी समुद्राकडे निघायचे. त्याला ते 'सुट्टी' म्हणत नसत, 'खाऱ्या पाण्याला जाणं' म्हणत. वर्षभर चिखलात राबलेले पाय, आखडलेले गुडघे, पाठ, सगळं त्या पाण्यात बुडवायचं आणि पुढच्या हिवाळ्याला तयार व्हायचं. या लोकांनी पोशाख विकत घेतले नाहीत आणि खोलीचं भाडंही दिलं नाही. म्हातारे विजार गुडघ्यापर्यंत दुमडून, म्हाताऱ्या परकर खोचून उभ्या. आमच्या शेजारच्या आजी सांगतात, त्यांच्या लहानपणीही घरी बाटलीत समुद्राचं पाणी भरून आणायचे, जखमांवर लावायला.

मधला एक दिवस १५ ऑगस्ट. आपला नव्हे, मेरीच्या स्वर्गारोहणाचा सण. त्या दिवशी समुद्रात न्हायलं की वर्षभर दुखणं येत नाही अशी श्रद्धा, म्हणून बॅलीबनियनसारख्या गावांत मोठी जत्रा भरायची. त्याच्याही मागचं जुनं धाग्याचं टोक म्हणजे लूनासा हा सुगीचा सण. तेव्हा घोडे आणि गुरं पाण्यातून पोहवत नेत. बैलपोळ्याला बैल धुतात ना, ते डोळ्यांसमोर आलं.

इंद्रायणी तांदूळ

मी मागच्या वर्षी स्लायगोमधल्या एनिसक्रोनला समुद्रशेवाळाची अंघोळ करून आले आहे, ते इथे लिहिलंच पाहिजे. किलकलन कुटुंबाचं १९१२ साली बांधलेलं स्नानगृह आहे, पिढ्यान्पिढ्या तेच चालवतात. इमारत जुनीच, चिनी मातीचे प्रचंड टब जुनेच, पितळी नळ हाताच्या पंजाएवढे.

आधी एका लाकडी पेटीत बसवतात. पेटी बंद, फक्त मुंडकं बाहेर, आत वाफ. मोदकपात्रातला मोदक कसा फुगत असेल ते कळलं. वाफ कमीजास्त करायची कळ आतच असते, हे मला उशिरा समजलं. मग टब. त्यात पंपाने आणून तापवलेलं समुद्राचं पाणी आणि किनाऱ्यावरून कापून आणलेलं दातेरी कडांचं तपकिरी शेवाळ. गरम पाण्यात त्यातून एक बुळबुळीत तेलासारखा चीक सुटतो आणि पाणी चहासारखं सोनेरी होतं. पहिली पाच मिनिटं 'हे काय आहे' असं वाटतं, शिकेकाई-रिठ्याच्या घंगाळात बसल्यासारखं. नंतर उठवत नाही. शेवटी डोक्यावर साखळी असते, ती ओढली की थंडगार समुद्राचं पाणी अंगावर. मी किंचाळले. पलीकडच्या खोलीतूनही कोणीतरी किंचाळलं, तेव्हा बरं वाटलं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अशी स्नानगृहं पश्चिम किनाऱ्यावर गावोगाव होती. बायकांना इथे खोका लागत नव्हता, झगा लागत नव्हता, दाराला कडी होती. @शॅननकाठ, तुमच्या वाटणीच्या सिद्धान्तात हे बसवा: बायकांना खऱ्या अर्थाने निवांत खारं पाणी मिळालं ते समुद्राबाहेर.

शॅननकाठ

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. बसवतो.

मांडवीकर

पण एवढे लोक त्या काळी तिथे पोचायचे कसे? रस्ते तर बेताचेच असणार.

लुआस

रेल्वे! ही सगळी गावं रेल्वेनेच वाढवली. आयर्लंडची पहिली रेल्वे डब्लिन ते किंग्जटाउन, डिसेंबर १८३४. रूळ समुद्राच्या काठाने टाकले, तेव्हा अंघोळीच्या जागा तुटल्या. मग रेल्वे कंपनीनेच १८३९ला ब्लॅकरॉकला स्नानकुंडं बांधली. ब्रेला रेल्वे आली १८५४ला, आणि मग त्याला 'आयर्लंडचं ब्रायटन' म्हणायला लागले. उत्तरेला न्यूकॅसलला रेल्वे कंपनीने १८९८ साली स्लीव्ह डोनर्ड नावाचं मोठं हॉटेलच काढलं. तिथे पाहुण्यांना समुद्राच्या पाण्याची अंघोळ हॉटेलातच मिळे. आधी गाडी, मग गाडीला गिऱ्हाईक मिळावं म्हणून समुद्र.

शॅननकाठ

रेल्वेचा विषय निघालाच आहे तर थोडं अवांतर.

किल्कीला जायला वेस्ट क्लेअर रेल्वे होती, अरुंद रुळांची आणि बेभरवशाची. पर्सी फ्रेंच नावाचा लोकप्रिय गायक-नकलाकार १८९६च्या ऑगस्टमध्ये किल्कीला कार्यक्रमाला निघाला. वाटेत इंजिनाने मान टाकली. तो कित्येक तास उशिरा पोचला, तोवर बहुतेक श्रोते घरी गेलेले. त्याने रेल्वेवर दावा ठोकला आणि १० पौंड नुकसानभरपाई मिळवली. असं सांगतात की तो कोर्टातही उशिरा पोचला, आणि न्यायाधीशांनी कारण विचारल्यावर म्हणाला, 'याच गाडीने आलो.' पुढे त्याने या रेल्वेवर टर उडवणारं गाणं लिहिलं, ते अजून गातात. भरपाईपेक्षा ते कंपनीला महागात पडलं असणार.

बॅलीबनियनची तऱ्हा आणखी वेगळी. लिस्टोलपासून तिथवर १८८८ ते १९२४ अशी एकाच रुळावर चालणारी गाडी होती, लार्टीग मोनोरेल, लांबी साधारण १५ किलोमीटर. रूळ कमरेएवढ्या उंच तिकाट्यांवर, आणि डबा त्यावर दोन्ही बाजूंनी लोंबणारा, गाढवाच्या पाठीवरच्या दोन गोण्यांसारखा. दोन्हीकडे वजन सारखं हवं. एका बाजूला जाडी माणसं जास्त झाली की गार्ड त्यांना पलीकडे पाठवायचा. एकदा एका बाजूला पियानो चढवला तर तोलाला दुसऱ्या बाजूला दोन वासरं बांधली, आणि येताना पियानो नव्हता म्हणून एकेका बाजूला एकेक वासरू बसवून आणलं, अशी कथा आहे. खरी असो नसो, मला फार आवडते. समुद्रावर बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला. आणि तिथे नेणाऱ्या गाडीत मात्र वजनापुढे सगळे सारखे.

खडूस

हा धागा आता आवडायला लागलाय. ट्रमोरबद्दल कोणी लिहिलं नाही. माझा मुलगा वॉटरफर्डला असतो, दोन वर्षांपूर्वी आम्ही दोघं जाऊन आलो. गावाबाहेर गिलामीन म्हणून पोहायची जागा आहे, तिथे 'फक्त पुरुष' अशी जुनी पाटी अजून आहे. तिच्याच खाली डझनभर बायका मजेत पोहत होत्या. मी काठावर स्वेटर घालून बसलो होतो. सौ. म्हणाली, पाटी तुमच्यासाठी आहे, उतरा. उतरलो नाही.

गवती चहा

काकूंना माझा साष्टांग नमस्कार!

लुआस

ट्रमोरला गेलात म्हणजे 'मेटल मॅन' पाहिला असेल ना? १८१६ला 'सी हॉर्स' नावाचं जहाज तिथल्या खाडीत बुडून साडेतीनशेवर माणसं गेली. त्यानंतर खलाशांना धोका कळावा म्हणून टेकाडावर पांढरे मनोरे बांधले, आणि एका मनोऱ्यावर समुद्राकडे हात केलेला लोखंडी खलाशी उभा केला. अंघोळीला आलेल्या मुलींचं मात्र त्याच्याशी वेगळंच काम असायचं. त्या मनोऱ्याभोवती अनवाणी, एका पायावर उड्या मारत तीन फेऱ्या पुऱ्या केल्या की वर्षाच्या आत लग्न जमतं.

अनुस्वार

थांबा थांबा. अनवाणी, एका पायावर, तीन फेऱ्या… ही तर लंगडी!

गवती चहा

शाळेच्या लंगडी संघात होते मी, पाचवी ते दहावी. आयर्लंडमध्ये जन्मले असते तर कांदेपोह्यांचे एकवीस कार्यक्रम वाचले असते.

खडूस

आम्ही मनोरा लांबूनच पाहिला. ती खासगी जमीन आहे, आत सोडत नाहीत. सौ. विचारतेय, उलट्या फेऱ्या मारल्या तर काय होतं.